सरोवराकाठचा पडका लाइफबोट-रूळमार्ग: त्याचं वय आणि इतिहास कसा काढायचा

वाळूतून डोकं काढलेले दोन गंजके रूळ. वरचं टोक एखाद्या रुंद दाराच्या शेडकडे किंवा नुसत्या काँक्रीटच्या चौथऱ्याकडे जातं, खालचं सरळ पाण्यात शिरतं आणि दिसेनासं होतं. अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सच्या किनाऱ्यावर असं काही दिसलं, तर तो बहुतेक जीवरक्षक बोट पाण्यात सोडण्याचा मार्ग असतो. बोट चाकांच्या गाड्यावर बसवलेली असे. कडी सोडली की गाडा उताराने पाण्यात जाई, पुरेसं पाणी लागलं की बोट तरंगून सुटे, आणि परत आल्यावर बोटीसकट गाडा वींचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, वर ओढून घेत.

असा मार्ग कधी बांधला, कोणत्या बोटीसाठी, किती वेळा वाढवला आणि कधी सोडून दिला, हे जागेवरच्या मोजमापातून बऱ्यापैकी काढता येतं. बहुतेक हौशी अभ्यासक मात्र वरच्या टोकापासून सुरुवात करतात: शेडचा फोटो, रुळावरचा शिक्का, दाराची बिजागरी. तिथेच फसगत होते, कारण वरचं सगळं हलवता येतं, बदलता येतं, दुसरीकडून आणता येतं. खालचं टोक किती खोल न्यायचं, हे मात्र सरोवराच्या पातळीने ठरवलेलं असतं. म्हणून काम खालून वर करायचं.

आधी हा लाइफबोटीचाच रूळ आहे ना, ते बघा

मिशिगन राज्यातल्या ग्लेन हेवनचं उदाहरण घेऊ. गावाजवळ स्लीपिंग बेअर पॉइंटचं जीवरक्षक स्टेशन आहे. पण त्याच गावाच्या धक्क्यापर्यंत ग्लेन लेककडून लाकूड आणणारा एक अरुंद रूळमार्गही होता. शंभर वर्षांनी दोन्हींचे तुकडे सारखेच दिसतात. किनाऱ्यावर मासेमारीच्या शेडचे आणि लाकूड गिरण्यांचे रूळही सापडतात.

ओळखायची खूण उतारात आहे. मालाचा रूळ धक्क्यावर सपाट जातो, कारण त्याला जहाजाच्या डेकच्या उंचीला राहायचं असतं. लाइफबोटीचा रूळ पाण्याखालीही त्याच उताराने पुढे जातो. शेवटच्या दिसणाऱ्या दहा मीटरांत दर दोन मीटरला रुळाच्या डोक्याची उंची घ्या. उतार सलग असेल तर बोटीचा, पाण्याजवळ येऊन सपाट होत असेल तर मालाचा. दुसरी खूण वरच्या टोकाला असते: रुळांच्या मधोमध, शेडच्या मागच्या भिंतीजवळ, वींचचे बोल्ट किंवा पाया. मालाच्या रुळाला मधोमध वींच लागत नाही.

खालचं टोक: पाणी हीच मोजपट्टी

मुंबई-कोकणात वाढलेल्या माणसाला इथे एक सवय सोडावी लागते. आपल्याकडे उधाणाला पाणी दिवसातून दोनदा चार-पाच मीटर वर-खाली होतं. ग्रेट लेक्समध्ये भरती-ओहोटी पाच सेंटिमीटरच्याही आतली, म्हणजे नसल्यासारखीच. पाणी बदलतं ते ऋतूप्रमाणे आणि दशकांच्या हिशेबाने. वर्षभरात साधारण तीस सेंटिमीटर: हिवाळ्यात खाली, जुलैच्या सुमारास वर. पण दशकांचा फरक मोठा. मिशिगन आणि ह्यूरन ही दोन सरोवरं एकाच पातळीवर असतात. त्यांची नोंदलेली सर्वांत उंच मासिक सरासरी, समुद्रसपाटीपासून मोजलेली, ऑक्टोबर १९८६ ची, १७७.५० मीटर, आणि सर्वांत खालची जानेवारी २०१३ ची, १७५.५७ मीटर. फरक जवळजवळ दोन मीटर.

एकास आठ उताराच्या रुळावर हे दोन मीटर म्हणजे सुमारे साडेपंधरा मीटर लांबी. एका पिढीने भर पाण्यात संपवलेला रूळ पुढच्या पिढीला कोरड्या वाळूत सापडला, तो यामुळे. अशा वेळी स्टेशनवाल्यांपुढे दोनच वाटा असत: खाली आणखी रूळ जोडणं, नाहीतर बोट दुसरीकडे बांधून ठेवणं. विसाव्या शतकातले खालच्या पाण्याचे काळ लक्षात ठेवा: १९२६, १९३० च्या दशकाचा मध्य आणि १९६४. वरच्या पाण्याचे: १९२९, १९५२, १९७३-७४ आणि १९८६. मिशिगन-ह्यूरनकाठच्या रुळाला जोड दिसला, की तो आधी खालच्या पाण्याच्या काळांशी ताडून बघायचा.

मोजमाप असं घ्या:

१. वारा पडलेला दिवस निवडा, आणि आदल्या दिवशीही जोराचा वारा नको. वारा सरोवराचं पाणी एका काठाला ढकलतो आणि नंतर ते तासन्‌तास झुलत राहतं. अशा दिवशी वाचनात वीस-तीस सेंटिमीटरची चूक सहज होते.

२. रुळाच्या शेवटच्या शाबूत टोकावर पट्टीची काठी उभी धरा आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून रुळाच्या डोक्यापर्यंतची खोली घ्या. दहा-दहा मिनिटांनी तीन वाचनं, त्यांची सरासरी. वेळ मिनिटासकट लिहा.

३. घरी आल्यावर त्या तासाची पातळी राष्ट्रीय सागरी व वातावरण प्रशासनाच्या, म्हणजे नोआच्या, जलपातळी केंद्रांवरून घ्या. ग्लेन हेवनसाठी दक्षिणेला लडिंग्टन आणि उत्तरेला मॅकिनॉ सिटी. दर सहा मिनिटांचे आकडे मिळतात. दोन्ही केंद्रांत पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला, तर त्या दिवसाचं वाचन टाकून द्या.

४. पातळीतून खोली वजा करा. मिळाली ती रुळाच्या टोकाची उंची.

आता हे आकडे बोलते कसे होतात ते बघा. समजा खोली १.४२ मीटर आली आणि पातळी १७६.४५ होती. टोक १७५.०३ मीटरवर आहे. कोस्ट गार्डच्या छत्तीस फुटी मोटर लाइफबोटीला तरंगायला सुमारे ०.९ मीटर पाणी लागे. गाड्याची बैठक रुळापासून ०.६ मीटर वर धरली, तर रुळावर दीड मीटर पाणी हवं, आणि लाटेत बोट गाड्यावर आपटू नये म्हणून आणखी वीस सेंटिमीटर. म्हणजे पातळी १७६.७ च्या वर असतानाच हा मार्ग त्या बोटीला चालेल. १९६४ च्या पाण्यात तो निरुपयोगी. मग तीनच शक्यता उरतात: टोकाचा भाग मोडून गेला आहे, मार्ग हलक्या बोटीसाठी होता, किंवा त्या काळी तो वापरात नव्हता. कोणती खरी, ते पुढच्या खुणांवरून ठरतं.

टोक मोडलं आहे की मुळात तिथेच संपलं, हे धातू सांगतो. करवतीने कापलेलं किंवा बोल्टच्या भोकांपाशी संपलेलं टोक सरळ असतं. बर्फाने मोडलेला रूळ आधी वाकतो, बहुधा किनाऱ्याकडे किंवा बाजूला, आणि मग फाटल्यासारखा तुटतो. हिवाळ्यात गोठलेल्या पाण्याच्या लाद्या वाऱ्याने काठावर चढतात आणि वाटेतलं सगळं रेटतात. मार्ग खांबांवर उभा असेल तर त्या खांबांचा त्रास वेगळा: बर्फ खांबाला घट्ट धरतो, खालचं पाणी चढलं की खांब सूतभर वर उपसला जातो, खाली वाळू भरते, आणि पुढच्या खेपेस पुन्हा तेच. काही हिवाळ्यांनी खांबांची ओळ दातांसारखी वर-खाली झालेली दिसते. अशी ओळ दिसली तर टोकापलीकडेही मार्ग होता असं धरून आणखी पंधरा-वीस मीटर पाण्यात शोधा. क्वागा शिंपल्यांनी पाणी गाळून इतकं नितळ केलं आहे की शांत दिवशी काठावरूनही तळ दिसतो. मात्र त्याच शिंपल्यांचा थर रुळावर बसून त्याची जाडी फसवी दाखवतो. थर खरवडू नका, त्याच्यासकट मोजा आणि तसं लिहून ठेवा.

एक सावधगिरी नकाशांबाबत. सरोवरांच्या उंचीची आधाररेषा बदललेली आहे. मिशिगन-ह्यूरनच्या नकाशांवरची शून्य पातळी १९५५ च्या पद्धतीत ५७६.८ फूट होती, १९८५ च्या पद्धतीत ५७७.५ फूट, म्हणजे १७६.० मीटर, झाली. पाणी तेच, आकडा वेगळा. जुन्या आराखड्यावरची उंची तशीच उचलली तर वीस सेंटिमीटरची, आणि एकास आठच्या उतारावर दीड मीटर लांबीची, चूक होते. सुपीरियर सरोवराला तर हे गणित असंच लावू नये. त्याचा विसर्ग सू सेंट मेरी इथल्या दारांनी नियंत्रित होतो आणि नोंदलेला फरक सव्वा मीटरच्याच आसपास आहे.

बोट किती जड होती?

१८७० च्या दशकात सरोवरांवर स्टेशनं उभी राहिली तेव्हा दोन प्रकारच्या बोटी होत्या. सर्फबोट साधारण अर्ध्या टनाची; ती गाड्यावर घालून वाळूतून माणसं किंवा घोडे ओढत नेत. तिला रूळ लागत नसे. दुसरी चौतीस फुटी, इंग्रजी धाटणीची लाइफबोट: उलटली तर आपोआप सुलट होणारी, आत आलेलं पाणी आपोआप बाहेर टाकणारी, वल्ह्यांची. तिचं वजन टनांत. रूळमार्ग हिच्यासाठी होते. सप्टेंबर १८९९ मध्ये सुपीरियर सरोवराच्या काठच्या मार्केट (Marquette) गावच्या स्टेशनवर अशाच एका चौतीस फुटी बोटीत बारा अश्वशक्तीचं इंजिन बसवून चाचणी झाली. तिथून बोटी जड होत गेल्या, आणि शेवटच्या छत्तीस फुटी मोटर लाइफबोटी सुमारे नऊ टनांच्या झाल्या.

हा फरक वींचच्या पायात दिसतो. हिशेब सोपा आहे. चार टनांची बोट आणि एक टनाचा गाडा धरला, तर एकास आठच्या उतारावर वजनाची ओढ ०.६ टन, साध्या बुशांच्या, वाळू खाल्लेल्या चाकांचं घर्षण वजनाच्या पाच टक्के धरलं तर आणखी पाव टन. एकूण सुमारे ९०० किलो. चार माणसं हँडलवर प्रत्येकी पंधरा किलोचा जोर लावतात आणि वीस पटीच्या वींचमध्ये त्यातला पाव भाग वाया जात असेल, तर ते बरोबर ९०० किलो ओढतं. नऊ टनांची बोट आणि दोन टनांचा गाडा झाला की हीच ओढ १,९०० किलोवर जाते. हाताने ते काम दुप्पट वेळाचं, आणि वादळातून परतलेल्या थकलेल्या माणसांकडून ते होत नाही. म्हणून तिथे इंजिनाचं किंवा विजेचं वींच येतं.

लाकडी तुळयांवर बोटभर जाडीचे चार बोल्ट, म्हणजे हाताचं वींच. काँक्रीटचा ठोकळा, तेलाचे डाग, भिंतीत धूर बाहेर जाण्याचं भोक, म्हणजे इंजिन. दोन्ही एकमेकांजवळ सापडले तर मार्गाने दोन युगं पाहिली आहेत. मग रुळाच्या खालच्या टोकाला जोड असणारच, तो शोधायचा. जोडपट्ट्या वेगळ्या, स्लीपरमधलं अंतर वेगळं किंवा रुळाची उंची दोन-चार मिलिमीटरने वेगळी, एवढंच दिसतं. पण दिसतं.

दोन बोटींचं स्टेशन असेल तर शेडपुढे दोन मार्ग एकत्र येताना किंवा फिरती चकती दिसते. चकती गेली असली तरी तिचा गोल खड्डा राहतो.

रूळ, लाकूड आणि खिळे: उपयोगी, पण लबाड

रुळाच्या पोटावर उठावाची अक्षरं असतात: वजन, छेदाचा प्रकार, कारखाना, वर्ष, आणि महिन्यासाठी उभ्या रेघा. ६०४० असं असेल तर वाराला साठ पौंड आणि अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्सच्या प्रमाणित छेदाचा रूळ. अक्षरं गेली असतील तर मोजा. या प्रकारात रुळाची उंची आणि तळाची रुंदी सारखीच असते: ७९ मिलिमीटर म्हणजे तीस पौंड, ८९ म्हणजे चाळीस, १०८ म्हणजे साठ. गंजाने फुगलेल्या तळापेक्षा उंचीवर जास्त भरवसा ठेवा.

शिक्क्यावरचं वर्ष मात्र मार्गाचं वर्ष समजू नका. उताराच्या शंभर मीटरसाठी कोणी नवे रूळ पाडून घेत नाही. जुने आगगाडीचे किंवा गिरणीचे रूळ चालतात. शिक्का एवढंच सांगतो की मार्ग त्याआधीचा नाही. लाकडाचंही तसंच. गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्री किडा नसतो, त्यामुळे सतत बुडालेला स्लीपर शतकानंतरही कठीण निघतो, आणि पाण्याच्या वर-खाली होणाऱ्या पट्ट्यातला वीस-तीस वर्षांत कुजून बदललेला असतो. म्हणून जुनं लाकूड खाली आणि नवं वर. वरच्या स्लीपरवरून वय काढलं की ते हमखास कमी येतं. खिळ्यांत चौकोनी कापीव खिळे १८९० च्या दशकापर्यंतचे, गोल तारेचे त्यानंतरचे. पण रूळ ठोकायचे खिळे दोन्ही काळांत चौकोनीच, त्यांच्यावरून काही ठरवू नका.

स्लीपिंग बेअर पॉइंट ही वरच्या टोकाने फसवण्याची उत्तम जागा आहे. स्टेशन १९०१ मध्ये बांधलं. पुढे सरकणारी वाळूची टेकडी त्याला गिळायला लागली, म्हणून १९३१ मध्ये ते सध्याच्या जागी हलवलं. इमारत पाहून १९०१ म्हणाल, पण या जागेवरचा मार्ग १९३१ आधीचा असूच शकत नाही. शिवाय आता तिथे संग्रहालय आहे. दिसणारा प्रत्येक तुकडा दुरुस्तीतून गेलेला धरूनच मोजा. शिकागोहून गाडीने पाच-सहा तासांवर असलेली ही जागा पडक्या मार्गांकडे जाण्याआधी अवश्य बघा. सगळे भाग जागच्या जागी असले की कसे दिसतात, ते डोळ्यांत बसतं. पूर्ण रूळमार्ग बघायचा तर कॅलिफोर्नियातल्या पॉइंट रेयसचा, १९२७ चा. तो समुद्रावरचा आहे, पण गाडा, वींच आणि छत्तीस फुटी बोट एकत्र बघायला मिळते.

कागदांत काय शोधायचं

जीवरक्षक सेवा १८७८ पासून स्वतंत्र खातं होती आणि २८ जानेवारी १९१५ ला महसूल जहाजांच्या दलाशी जोडून कोस्ट गार्ड झाली. दोन्हींचे कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एकाच गटात, गट क्रमांक २६ मध्ये आहेत. स्टेशनची रोजची दैनंदिनी हा त्यातला सोन्याचा भाग. सगळी पानं वाचत बसू नका. मंगळवार काढा. आठवड्याचं वेळापत्रक ठरलेलं होतं: सोमवार आणि गुरुवारी किनाऱ्यावरून दोर फेकण्याचा सराव, बुधवारी निशाणं, शुक्रवारी बुडालेल्याला शुद्धीवर आणणं, आणि मंगळवारी बोट पाण्यात सोडणं. सलग काही मंगळवार बोट सुटली नसेल तर त्याच्या कारणातच मार्गाचं दुखणं सापडतं: वाळू, बर्फ, पाणी उतरलं, गाड्याचं चाक.

वाळूचं कारण वारंवार येण्यासारखंच आहे. वादळ खालच्या रुळावर वीतभर वाळू घालून जातं. चाक त्यावर चढतं, त्याची कड रुळावरून उचलली जाते आणि भरला गाडा आडवा होतो. ज्या मार्गाखाली दगड भरलेल्या लाकडी पेट्या आहेत, तो स्वतःच वाळू अडवतो आणि एका बाजूला काठ पुढे सरकतो. खांबांवरच्या मार्गाखालून वाळू निघून जाते. तुमच्या मार्गाच्या दोन बाजूंना काठ पुढे-मागे असेल, तर खाली पेट्या आहेत.

वार्षिक अहवाल वाचताना वर्ष १ जुलैला सुरू होतं हे विसरू नका. "१९०८ च्या अहवालातली दुरुस्ती" १९०७ च्या उन्हाळ्यातली असू शकते.

परवानगी आणि पाय

स्लीपिंग बेअर, पिक्चर्ड रॉक्स ही राष्ट्रीय उद्यान सेवेची जागा आहे. तिथे ड्रोन उडवायला, मेटल डिटेक्टर फिरवायला आणि काही उचलायला मनाई आहे. खिळासुद्धा नाही. वरून फोटो हवा तर पाच मीटरच्या काठीला कॅमेरा बांधा. मोजणीला ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम. जूनपर्यंत पाणी अंग बधिर करणारं असतं. जाड तळाचे बूट घाला, कंबरेपलीकडे पाण्यात जाऊ नका आणि एकटे उतरू नका. वाळूत उभे राहिलेले खिळे शिंपल्यांमुळे दिसत नाहीत.

कधी सोडून दिला

मार्ग मोडला म्हणून बंद पडला, असं फार थोड्या ठिकाणी झालं. बोटीलाच रूळ नको झाला. १९६० च्या दशकात पोलादी चव्वेचाळीस फुटी लाइफबोट आली, जवळजवळ दुप्पट वजनाची. ती बंदरात बांधून ठेवायची आणि दोर सोडून थेट निघायचं. त्याआधीच शिडाची जहाजं संपली होती, रेडिओ आला होता आणि उघड्या किनाऱ्यावरची स्टेशनं बंदरातल्या स्टेशनांत विलीन होत होती. त्यामुळे बंद पडण्याची तारीख रुळावर नसते. स्टेशन बंद होण्याआधी पाच-दहा वर्षं मार्ग वापराविना पडलेला असू शकतो. शेवटचा वापर दैनंदिनीत बघा.

दैनंदिनी मिळाली नाही तर रुळांमधली झाडं बघा. वापरातल्या मार्गात झाड वाढू देत नाहीत, म्हणून सर्वांत जुन्या झाडाचं वय हा मार्ग सुटल्याचा किमान काळ. खोड कापू किंवा भोसकू नका. घेर मोजा आणि आसपास वय माहीत असलेल्या त्याच जातीच्या झाडाशी ताडा. फक्त झाडाचा बुंधा किती उंचीच्या जमिनीवर आहे, तेही मोजा. बुंधा १७७.५ मीटरच्या खाली असेल, तर तिथली आधीची झाडं १९८६ च्या पाण्याने मारली असण्याचीच शक्यता जास्त. अशा झाडावरून १९८६ च्या मागे जाता येत नाही. उतारावर आणखी वर, शेडजवळचं झाड शोधा.